मसाल्याच्या डब्यात औषध शोधताना: मिरी, मिरची आणि क जीवनसत्त्वाची गोष्ट



गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक ताई आल्या होत्या. वय चाळिशीच्या पुढे. जिना चढताना दम लागतो, पिंढऱ्या दुखतात, दुपारी उभं राहवत नाही, अशा तक्रारी. त्याआधी चार महिन्यांपूर्वी त्यांचं हिमोग्लोबिन ८.९ होतं आणि मी त्यांना लोहाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. या वेळी तपासलं तर आकडा ६.८ वर आलेला.

"ताई, गोळ्या घेताय ना?" मी विचारलं.

त्यांनी पर्समधून स्टीलची एक छोटी डबी काढून टेबलावर ठेवली. आत भाजलेलं जिरं, ओवा आणि काळी मिरी यांची पूड होती. "डॉक्टर, गोळ्यांनी पोटात कसंतरीच व्हायचं, शौचालाही काळं व्हायचं. मग बहिणीने मोबाइलवर हा तक्ता पाठवला. जिऱ्यात पालकाच्या वीसपट लोह असतं म्हणे. म्हटलं, मग घरचंच बरं की!"

मी तक्ता पाहिला. तुम्हाला वाटेल की तो खोटा असणार. तसं नव्हतं. १०० ग्रॅम जिऱ्यात ६६ मिलिग्रॅम लोह, हा आकडा अमेरिकेच्या अधिकृत अन्नतक्त्यात आहे. भारतीय तक्त्यांत तो बराच कमी आहे, पण आपण मोठाच आकडा धरून चालू.

आता हिशोब करा. एक चहाचा चमचा जिरं म्हणजे साधारण २ ग्रॅम. त्यातून मिळणारं लोह १.३ मिलिग्रॅम. वनस्पतीजन्य अन्नातल्या लोहाचा थोडाच भाग शरीर शोषून घेतं, म्हणजे रक्तात पोचणार त्याहूनही फार कमी. प्रौढ स्त्रीला आहारातून रोज २९ मिलिग्रॅम लोह मिळावं, अशी आपल्या आयसीएमआरची शिफारस आहे. रक्त आधीच कमी असेल तर गरज त्याहून वाढते, म्हणून एका गोळीत साधारण ६० ते १०० मिलिग्रॅम लोह असतं. तक्ता '१०० ग्रॅम'बद्दल बोलतो आणि आपण खातो चिमूटभर. आकडा खरा, पण त्यातून काढलेला अर्थ चुकीचा, आणि त्या अर्थाची किंमत ताईंनी चार महिने मोजली.

ही चूक काही मोबाइलने आणलेली नाही. 'तिखट, उष्ण, महागडं आणि सुवासिक आहे, म्हणजे शरीराला लागणारं सगळं यात असणार' हा समज फार जुना आहे. एकेकाळी या समजासोबत हजारो खलाशी समुद्रावर मेले. ज्या गोष्टीने ते वाचले असते, ती गोष्ट पुढे एका शास्त्रज्ञाला मिळाली ती एका मिरचीत! आज तीच गोष्ट सांगतो. शेवटी आपण पुन्हा ताईंच्या डबीकडे येऊ.

मसाल्यासाठी निघालेली जहाजं

वास्को द गामा जुलै १४९७ मध्ये लिस्बनहून निघाला आणि मे १४९८ मध्ये कालिकतला पोचला, हे आपण शाळेत शिकलो. तो कशासाठी आला होता हेही आपल्याला माहीत आहे: मिरी, दालचिनी, लवंग, आलं. युरोपात या वस्तूंना मोठी किंमत होती आणि त्या चवीइतक्याच औषध म्हणूनही विकत घेतल्या जात.

परतीच्या प्रवासाबद्दल मात्र शाळेत कुणी फारसं सांगत नाही. ऑक्टोबर १४९८ मध्ये, आपल्या गोव्याच्या दक्षिणेला कारवारजवळ असलेल्या अंजदीव बेटावरून ही जहाजं निघाली. येताना मोसमी वाऱ्याच्या जोरावर अरबी समुद्र त्यांनी तीन-साडेतीन आठवड्यांत ओलांडला होता. जाताना वारा उलटा आणि पडलेला, त्यामुळे तेच अंतर कापायला जवळजवळ तीन महिने लागले. ताजं अन्न संपलं. जहाजावरच्या एकाने लिहून ठेवलेल्या रोजनिशीत काय घडलं ते नोंदलेलं आहे: माणसांच्या हिरड्या इतक्या सुजल्या की दात झाकले जाऊन खाता येईना, पाय आणि अंग सुजलं. या एका पल्ल्यात तीस जण दगावले. त्याआधी तितकेच दगावले होते. एकेका जहाजावर काम करू शकणारी सात-आठच माणसं उरली. पुढे माणसं पुरेनात म्हणून एक जहाज पेटवून द्यावं लागलं.

जहाजावर मिरी होती, दालचिनी होती. मग काय कमी होतं?

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला पोचल्यावर आजारी खलाशांनी संत्री मागितली, असं त्याच रोजनिशीत आहे. शरीर काय मागतंय हे त्या बिचाऱ्यांना कळत होतं, पण का मागतंय हे कुणालाच माहीत नव्हतं.

या आजाराचं नाव स्कर्व्ही. तो का होतो ते आज आपण थोडक्यात सांगू शकतो. आपल्या कातडीला, हिरड्यांना, रक्तवाहिन्यांना आणि हाडांना धरून ठेवणारा कोलॅजन नावाचा धागा शरीरात सतत विणला जात असतो. हा धागा घट्ट विणायला क जीवनसत्त्व लागतं. ते मिळालं नाही की वीण उसवू लागते. हिरड्यांतून रक्त येतं, दात हलतात, जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडतात. बहुतेक प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणूस, माकडं, गिनिपिग अशा मोजक्यांना ते जमत नाही. आपल्याला ते अन्नातूनच घ्यावं लागतं आणि शरीरातला साठा एक ते तीन महिन्यांत संपतो. अंजदीव ते मालिंदी हा प्रवास किती दिवसांचा होता, ते पुन्हा आठवून पाहा.

सुकलेल्या काळ्या मिरीत क जीवनसत्त्व जवळपास नसतंच. म्हणजे या माणसांनी पोतीच्या पोती मिरी खाल्ली असती तरी एकही हिरडी बरी झाली नसती.

बारा खलाशी आणि मसाल्याचं चाटण

पुढची अडीचशे वर्षं स्कर्व्हीचे तर्क चालूच राहिले. कुणी दमट हवेला दोष दिला, कुणी खारवलेल्या मांसाला, कुणी तर खलाशांच्या आळसाला. उपायही तितकेच.

मे १७४७ मध्ये जेम्स लिंड नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने 'सॅलिसबरी' या ब्रिटिश युद्धनौकेवर एक साधी गोष्ट केली. स्कर्व्ही झालेले बारा खलाशी घेतले, सगळ्यांना रोजचं जेवण एकसारखंच दिलं आणि दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची आंबवलेली दारू, दुसरीला पातळ केलेलं गंधकाम्ल, तिसरीला व्हिनेगर, चौथीला चक्क समुद्राचं पाणी, पाचवीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू.

सहाव्या जोडीला काय दिलं असेल? लसूण, मोहरी, मुळ्याचं मूळ, बोळ असे जिन्नस वाटून केलेलं चाटण, एका वेळी जायफळाएवढा गोळा, दिवसातून तीन वेळा! सोबत प्यायला चिंचेने आंबट केलेलं जवाचं पाणी. हे मिश्रण एका इस्पितळाच्या सर्जनने सुचवलेलं होतं. म्हणजे तेव्हाच्या समजुतीप्रमाणे ते चांगलं, तिखट, उष्ण औषध होतं. आजही कुणी ते डबीत भरून दिलं तर आपल्यापैकी बरेच जण विश्वासाने घेतील.

निकाल सहा दिवसांत दिसला. संत्री-लिंबू मिळालेल्यांपैकी एक कामावर रुजू होण्याइतका बरा झाला आणि दुसऱ्याला बाकीच्यांची शुश्रूषा करायला नेमलं. चाटणवाली जोडी मात्र तशीच राहिली.

औषधांची एकमेकांशी समोरासमोर तुलना करणाऱ्या सुरुवातीच्या प्रयोगांत याची गणना होते. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना लिंबाची गोष्ट सांगितली जाते. मला मात्र ते मसाल्याचं चाटण जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण लिंडने 'हे गुणकारी आहे असं सगळे म्हणतात' यावर न थांबता ते तपासून पाहिलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण संपली नाही. लिंडचं पुस्तक १७५३ मध्ये आलं आणि ब्रिटिश नौदलात सगळीकडे लिंबाचा रस द्यायला १७९५ उजाडलं. त्यात लिंडची स्वतःचीही एक चूक होती. फळं बोटीवर टिकत नाहीत म्हणून त्याने रस तापवून, आटवून त्याचा पाक करायला सुचवलं. क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होतं. पाक टिकायचा, पण गुण बराचसा उडून जायचा. हा मुद्दा लक्षात ठेवा, मिरचीकडे आल्यावर तो पुन्हा लागणार आहे.

मिरची आपली कधी झाली?

बऱ्याच पेशंटना हे सांगितलं की ते माझ्याकडे संशयाने बघतात: मिरची मूळची आपली नाही. ती मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडची. आयुर्वेदातलं 'त्रिकटू' आठवा. सुंठ, मिरी आणि पिंपळी. तिन्ही तिखट, पण त्यात मिरची नाही, कारण ते ग्रंथ लिहिले गेले तेव्हा इथे मिरची नव्हतीच.

कोलंबस १४९२ मध्ये मिरीच्या शोधात पश्चिमेकडे गेला आणि कॅरिबियन बेटांवर पोचला. तिथे मिरी नव्हती, पण लोक जेवणात एक लाल तिखट फळ घालत. जानेवारी १४९३ च्या त्याच्या रोजनिशीत या फळाची नोंद आहे: ते मिरीपेक्षा सरस आहे आणि इथले लोक त्याच्याशिवाय जेवत नाहीत. स्पॅनिश लोकांनी त्याला मिरीचंच नाव चिकटवलं. आपणही तेच केलं. संस्कृत 'मरीच' म्हणजे काळी मिरी. 'मिरी' आणि 'मिरची' ही दोन्ही नावं त्याच घरातली.

स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांतून मिरची जगभर पसरली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं आणि सोळाव्या शतकात त्यांच्या बंदरांतून ती आपल्याकडे आली. मिरीचा वेल दमट, सावलीच्या जागी वाढतो आणि पीक द्यायला काही वर्षं घेतो. मिरची कोरड्या रानातही येते, काही महिन्यांत फळते, परसात चार रोपं लावली तरी घराला पुरते. श्रीमंतांच्या मिरीची जागा तिने घेतली ती अशी.

ती इतकी वेगाने पसरली की युरोपातल्या लोकांना तिचं मूळ गावही उमगेना. लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याने १५४२ च्या आपल्या वनस्पतिग्रंथात मिरचीचं सुंदर चित्र दिलं आणि तिला 'कालिकतची मिरी' म्हटलं! हंगेरीत ती तुर्कांमार्फत पोचली, म्हणून तिथे तिला 'तुर्की मिरी' म्हणत. पुढे तिचंच नाव पॅप्रिका पडलं.

मिरची हे फळ आहे आणि ताज्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर असतं. जगभर फिरणाऱ्या जहाजांमधून स्कर्व्हीवरचा एक उतारा प्रवास करत होता आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता. अर्थात लांबच्या प्रवासात टिकणार ती सुकी मिरची. तिने काय साधलं असतं, ते आता बघू.

सेगेडमधलं एक रात्रीचं जेवण

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चित्र बदललं. १९०७ मध्ये नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी फक्त धान्यावर ठेवलेल्या गिनिपिगना स्कर्व्ही होते हे दाखवलं. आता प्रयोगशाळेत आजार निर्माण करता येऊ लागला, म्हणजे उपायही तपासता येऊ लागला. ताज्या फळांत 'काहीतरी' आहे हे नक्की झालं. त्या काहीतरीला क जीवनसत्त्व हे नावही पडलं. पण ते शुद्ध स्वरूपात कुणाच्या हाती लागत नव्हतं.

आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी हे हंगेरियन शास्त्रज्ञ वेगळ्याच कोड्याच्या मागे होते. पेशी श्वसन कसं करतात, हे त्यांना शोधायचं होतं. १९२८ च्या सुमारास केंब्रिजमध्ये त्यांनी मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून एक नवीनच पदार्थ वेगळा केला. तो साखरेसारखा होता, पण नेमका काय हे कळेना. साखरांच्या नावांच्या धर्तीवर त्यांनी त्याला आधी 'मला माहीत नाही' अशा अर्थाचं आणि संपादकांनी ते नाकारल्यावर 'देव जाणे' अशा अर्थाचं नाव सुचवलं. दोन्ही नावं फेटाळली गेली आणि 'हेक्झ्युरॉनिक आम्ल' असं रुक्ष नाव ठरलं.

पुढे ते हंगेरीतल्या सेगेड विद्यापीठात आले. जोसेफ स्विर्बेली या तरुण सहकाऱ्याच्या मदतीने गिनिपिगवर प्रयोग झाले आणि हेच आम्ल म्हणजे क जीवनसत्त्व, हे स्पष्ट झालं. अमेरिकेत चार्ल्स ग्लेन किंग हेही त्याच सुमारास याच निष्कर्षाला पोचले होते. आता अडचण एकच उरली. पदार्थाची रचना उलगडायला तो भरपूर लागतो आणि ग्रंथींमधून मिळालेला साठा संपत आला होता. संत्री-लिंबात इतकी साखर असते की त्यातून तो वेगळा करणं फार कटकटीचं.

सेगेड हे हंगेरीतलं पॅप्रिकाचं माहेरघर. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या वाळत घालतात, तशा तिथे घरांच्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा टांगलेल्या असतात. १९३२ मधल्या एका संध्याकाळी सेंट-ग्यॉर्गींच्या पत्नीने जेवणात ताजी पॅप्रिका वाढली. त्यांना ती खायची इच्छा नव्हती. पण तसं सांगायचं कसं? बघता बघता त्यांच्या मनात आलं, आपण ही एक वनस्पती कधी तपासलीच नाही! ताटातली मिरची त्यांनी प्रयोगशाळेत नेली आणि मध्यरात्रीपर्यंत त्यांना कळलं की ही तर क जीवनसत्त्वाची खाण आहे. ही हकीकत पुढे त्यांनी स्वतःच सांगितली.

जिथे ग्रंथींमधून ग्रॅममध्ये माल मिळत होता, तिथे पॅप्रिकापासून काही आठवड्यांत किलोच्या हिशोबात स्फटिक तयार झाले. ते इंग्लंडमध्ये नॉर्मन हॅवर्थ यांच्याकडे गेले आणि १९३३ मध्ये रचना उलगडली. स्कर्व्हीविरुद्धचं आम्ल म्हणून त्याला 'अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल' म्हणू लागले. १९३७ मध्ये सेंट-ग्यॉर्गींना वैद्यकशास्त्राचं आणि हॅवर्थ यांना रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. आज औषधाच्या दुकानात मिळणारी क जीवनसत्त्वाची चघळायची गोळी ही या मिरचीची नात म्हणायला हरकत नाही.

ताजी मिरची आणि डब्यातलं तिखट

आता तुम्ही म्हणाल, "डॉक्टर, मग मिरची पौष्टिक म्हणायची ना?" उत्तर आहे: कोणती मिरची आणि किती?

ताज्या मिरचीत, जातीनुसार, १०० ग्रॅममागे साधारण १०० ते २४० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. संत्र्यात ५० च्या आसपास. पण जिऱ्याचा हिशोब विसरू नका. एक मध्यम हिरवी मिरची ५ ग्रॅमची धरली, तर तिच्यातून ५ ते १२ मिलिग्रॅम मिळतं. आयसीएमआरची रोजची शिफारस पुरुषांना ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे मिरचीवर दिवस निघणार नाही. तरीही हा आकडा अगदीच टाकाऊ नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगात दिसलं की रोज केवळ १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व स्कर्व्ही टाळायला पुरतं. भाकरीसोबत रोज दोन कच्च्या मिरच्या खाणारा शेतकरी नकळत तेवढं मिळवत असतो.

डब्यातल्या लाल तिखटाचं काय? मिरची उन्हात वाळते, कांडपात गरम होते, महिनोन्‌महिने बरणीत राहते, मग फोडणीत तापते. क जीवनसत्त्वाला ऊन, उष्णता, हवा आणि वेळ हे चारही सोसत नाहीत. लिंडच्या पाकाचं झालं तेच तिखटाचं होतं. लाल रंग देणारी, गाजरातल्या केशरी रंगाच्या नात्यातली द्रव्यं बरीच टिकतात, पण तीही अर्ध्या चमच्यात मिळून मिळणार किती?

मग तिखट खाल्ल्यावर अंगात काहीतरी 'लागू पडल्याची' भावना का येते? १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेला याचं उत्तर मिळालं. मिरचीतलं कॅप्सेसिन हे द्रव्य आपल्या मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहकाला चिकटतं, तोच ग्राहक उष्णता आणि भाजल्याची वेदना ओळखतो. म्हणजे तिखट लागतं तेव्हा मेंदूला 'भाजतंय' असा निरोप जातो. म्हणून घाम येतो, नाक वाहतं. या शोधासाठी त्यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. हा निरोप खरा, पण त्याचा पोषणाशी काही संबंध नाही. अडीचशे वर्षांपूर्वीचे सर्जन फसले ते इथेच: झणझणीतपणा त्यांनी गुण समजला.

तुमच्या स्वयंपाकघरासाठी

या इतिहासातून मी पेशंटना काय सांगतो ते थोडक्यात देतो.

१. कोणताही पोषणतक्ता बघताना पहिला प्रश्न: हा आकडा किती ग्रॅमचा? दुसरा प्रश्न: मी त्यातलं किती खातो? मसाल्यांच्या बाबतीत उत्तर जवळजवळ नेहमीच १ ते ५ ग्रॅम असतं.

२. क जीवनसत्त्व हवं असेल तर ताजं आणि शक्यतो कच्चं खा. आवळा, पेरू, लिंबू, वरून पेरलेली कोथिंबीर. लिंबू आमटीच्या पातेल्यात उकळू नका, पानात पिळा.

३. लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व मदत करतं. भाकरी, कडधान्य, पालेभाजी यांच्यासोबत लिंबू किंवा पेरूची फोड ठेवा. जेवणाला लागून चहा घेऊ नका, त्याने लोहाचं शोषण कमी होतं.

४. लोह वाढवायला म्हणून तिखट वाढवू नका. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तरुण स्त्रियांवरच्या एका अभ्यासात जेवणात मिरचीची पूड घातल्यावर लोहाचं शोषण एक तृतीयांशाहून अधिक घटलेलं दिसलं. हळदीने फरक पडला नाही. घाबरून मिरची सोडण्याचं कारण नाही, पण तिला औषध समजण्याचंही नाही.

५. स्वयंपाकातली चिमूटभर हळद वेगळी आणि तिच्या अर्काच्या कॅप्सूल वेगळ्या. अशा कॅप्सूल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. 'नैसर्गिक आहे' म्हणून डॉक्टरांना न सांगता घेऊ नका.

६. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होणं हा धोका नाही, ते न शोषलेलं लोह असतं. मळमळ किंवा जळजळ होत असेल तर गोळी बंद करण्याआधी फोन करा. औषध बदलता येतं, मात्रा कमी करता येते, एक दिवसाआड देता येतं, जेवणानंतर देता येतं.

मग मसाल्याचा उपयोग काहीच नाही का? आहे, आणि मोठा आहे. ज्वारीची कोरडी भाकरी, मुगाचं वरण, अळणी पालेभाजी, मोडाची मटकी हे आपलं खरं पोषण. ते रोज आवडीने खाल्लं जातं ते जिऱ्याच्या फोडणीमुळे, लसणीमुळे, मिरचीच्या ठेच्यामुळे. तोंडाची चव गेलेला म्हातारा माणूस चिमूटभर हिंग-जिरं घातल्यावर दोन घास जास्त जेवतो, हे मी कितीदा पाहिलंय. मसाला स्वतः फार पोषण देत नाही, पोषण घशाखाली उतरवतो. हे काम लहान नाही. फक्त ठेच्यात मीठ किती पडतंय तेवढं बघा, विशेषतः रक्तदाब असेल तर.

आता ताईंच्या डबीकडे. त्यांना मी हा सगळा इतिहास सांगितला नाही, तेवढा वेळ नव्हता. फक्त दोन ग्रॅमचा हिशोब कागदावर मांडून दाखवला. मग जे आधीच विचारायला हवं होतं ते विचारलं: पाळी किती दिवस असते? नऊ-दहा दिवस, खूप जास्त, वर्षभर असंच. "वय झालं की असं होतंच ना," म्हणाल्या. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी निघाल्या. रक्त रोज बाहेर जात होतं आणि आम्ही दोघं, मी गोळीने आणि त्या जिऱ्याने, वरून भरत बसलो होतो. चूक त्यांच्याइतकीच माझीही होती. पहिल्या भेटीतच मी कारण शोधायला हवं होतं. त्यांना शिरेतून लोह दिलं, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. आज त्यांचं हिमोग्लोबिन ११ च्या पुढे आहे.

देशभराच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे हा लेख वाचणाऱ्या घरात तो असण्याची शक्यता मोठी आहे. थकवा, धाप, फिकेपणा, जास्त पाळी असेल तर आधी रक्त तपासा आणि ते का कमी झालं हे डॉक्टरांना विचारा.

शेवटच्या भेटीत ताईंनी उठता उठता विचारलं, "मग जिरं बंद करू का?"

"बिलकुल नको," मी म्हटलं. "आमटीत घाला. आणि आमटीवर लिंबू पिळा."